ज्याला अख्ख्या गावानं वाळीत टाकलं, त्या कॅप्टन बॉयकॉटची गोष्ट

एखादा सिनेमा येणार असतो, एखाद्या कंपनीची जाहिरात लोकांना खटकते, नाहीतर कुठल्यातरी देशाशी आपलं वाजतं. लगेच मोबाइलवर एक शब्द फिरायला लागतो, बॉयकॉट. मराठीत त्याला बहिष्कार म्हणतात, हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. पण बॉयकॉट हे मुळात एका माणसाचं आडनाव आहे, आणि त्या माणसानं आयुष्यात कुणावर बहिष्कार घातला नव्हता. उलट त्याच्यावरच असा बहिष्कार पडला की त्याचं आडनाव जगभरच्या भाषांमध्ये क्रियापद होऊन बसलं.

चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट. जन्म १२ मार्च १८३२, इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातल्या बर्ग सेंट पीटर या खेड्यात. वडील तिथल्या चर्चचे धर्मगुरू. गंमत म्हणजे हे घराणं आधी आपलं आडनाव बॉयकॅट असं लिहायचं. १८४१ मध्ये त्यांनी स्पेलिंग बदललं आणि बॉयकॉट झाले. एका अक्षरानं घोळ केला, नाहीतर आज आपण सिनेमे बॉयकॅट करत असतो.

पोराला लष्कराची आवड. वूलविचच्या लष्करी अकादमीत १८४८ मध्ये प्रवेशही मिळाला, पण परीक्षेत नापास झाल्यानं वर्षभरात बाहेर पडावं लागलं. त्या काळी इंग्लंडच्या सैन्यात अधिकारीपद चक्क विकत मिळायचं. घरच्यांनी ४५० पौंड मोजून त्याला ३९व्या पायदळ पलटणीत घुसवलं. पलटण आयर्लंडला गेली, तिथं त्याचं ॲनी डन नावाच्या मुलीशी लग्न झालं आणि १८५२ मध्ये त्यानं पद विकून सैन्याला रामराम ठोकला. म्हणजे हा गडी कॅप्टन कधी झालाच नाही. गावात एखाद्याला उगाच पाटील म्हणायला लागतात आणि तेच चिकटतं, तसं त्याला कॅप्टन चिकटलं.

शेती करायची म्हणून तो आधी टिपररी परगण्यात राहिला आणि मग १८५४ च्या सुमारास आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, अटलांटिक समुद्रातल्या अकिल बेटावर गेला. डोंगर, दलदल, वारा आणि पाऊस. अशा ठिकाणी त्यानं सुमारे २,००० एकर जमीन पोटभाड्यानं घेतली. सुरुवातीची वर्षं हालाखीची गेली, घराला आग लागली, किनाऱ्याला लागलेल्या फुटक्या जहाजांच्या मालावरून शेजाऱ्यांशी भांडणं झाली, प्रकरणं कोर्टात गेली. हळूहळू जम बसला, बऱ्यापैकी घर उभं राहिलं. पण या बेटावरच्या जवळपास वीस वर्षांत त्याचा स्वभाव कसा आहे हे मात्र सगळ्यांना कळलं. मेहनती, हट्टी, शिस्तीचा आणि आपला हक्क एका पैशानंही न सोडणारा.

१८७३ मध्ये तो बेट सोडून आतल्या बाजूला आला, मेयो परगण्यातल्या लॉख मास्क या तळ्याच्या काठी. आयरिश भाषेत लॉख म्हणजे तळं. आता तळं म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर गावतळं येतं, पण हे प्रकरण मोठं आहे. आयर्लंडमधल्या सगळ्यात मोठ्या तळ्यांपैकी हे एक. मधे झाडीची छोटी छोटी बेटं, काठाला जुन्या मठाचे अवशेष आणि खाली सगळा चुनखडक. त्या खडकातल्या भेगांमधून तळ्याचं पाणी जमिनीखालून वाहत शेजारच्या लॉख कॉरिब तळ्यात जातं. १८४०-५० च्या काळात सरकारनं दुष्काळी कामं काढली तेव्हा इथं दोन्ही तळी जोडायला कालवा खणला. खडक फोडला, बांध घातले, मजुरांनी वर्षानुवर्षं घाम गाळला. पाणी सोडलं तर सगळं खडकात मुरलं. कोरडा कालवा आजही काँग गावात बघायला मिळतो. आयर्लंडचा कारभार लंडनहून कसा चालायचा याचा याहून चांगला नमुना सापडणार नाही.

या तळ्याकाठची जमीन होती लॉर्ड अर्न याची. त्याच्याकडे वेगवेगळ्या परगण्यांत मिळून सुमारे ४०,००० एकर जमीन होती, त्यातली मेयोमधली जेमतेम २,००० एकर. तो स्वतः राहायचा दूर उत्तरेला, फर्मॅना परगण्यात, अप्पर लॉख अर्न तळ्याच्या काठी क्रॉम कॅसल नावाच्या वाड्यात. तो वाडा म्हणजे एक वेगळं जग. तळ्यात पसरलेली बेटं, इनिशर्क बेटावर भिंतींनी बंदिस्त केलेली बाग, गॅड बेटावर शोभेसाठी बांधलेला बुरूज. मेयोमधल्या कुळांनी हे वैभव कधी पाहिलं असण्याची शक्यता कमीच. त्यांच्यासाठी मालक म्हणजे एक नाव होतं, आणि त्या नावाचा चेहरा म्हणजे कॅप्टन बॉयकॉट.

कारण व्यवहार असा होता. बॉयकॉटनं लॉर्डकडून ६०० एकरांहून थोडी जास्त जमीन आणि लॉख मास्क हाउस हे घर स्वतःसाठी भाड्यानं घेतलं होतं. त्याच वेळी लॉर्डच्या उरलेल्या सुमारे १,५०० एकरांवर तो कारभारी होता. तिथल्या कुळांकडून खंड गोळा करायचा, त्यातला वाटा स्वतःला ठेवायचा आणि बाकीचा मालकाकडे पाठवायचा. म्हणजे एकाच वेळी तो स्वतः भाडेकरूही होता आणि वसुली करणाराही. आपल्याकडे कोकणातल्या खोतीच्या गोष्टी ज्यांनी घरात ऐकल्यात, त्यांना हे गणित वेगळं समजावून सांगायला नको.

बॉयकॉटनं कुणाला मारहाण केली, कुणाची घरं जाळली, असलं काही नाही. त्याचा जाच बारीकसारीक होता. कुळाचं जनावर त्याच्या शेतात शिरलं की दंड. फाटक उघडं राहिलं की दंड. जंगलातून पडलेल्या काटक्या गोळा करायची जुनी सवलत बंद. वर्षभर ज्यांना पोटभर बटाटा मिळण्याची खात्री नाही, त्यांच्या खिशातून असे चार-दोन पेन्स जायला लागले की राग साठत जातो. मोठ्या अन्यायापेक्षा हा रोजचा चिमटा माणूस जास्त लक्षात ठेवतो, असं मला वाटतं.

आणि हा राग नुसता बॉयकॉटवरचा नव्हता. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात आयर्लंडमध्ये सुमारे १० लाख माणसं मेली होती, त्याहून जास्त देश सोडून गेली होती. जमीन बहुतेक मूठभर घराण्यांकडे. कूळ वर्षाच्या बोलीवर जमीन कसायचं. त्यानं दगड वेचून, खत घालून जमीन सुधारली तर मालक खंड वाढवू शकायचा आणि नाही दिला तर बाहेर काढू शकायचा. १८७० च्या दशकाच्या शेवटी पुन्हा पिकं बुडाली आणि लोकांच्या पोटात तीच जुनी भीती उभी राहिली.

मेयोचाच एक माणूस तेव्हा उभा राहिला, मायकेल डॅव्हिट. चार वर्षांचा असताना त्याच्या कुटुंबाला घराबाहेर काढलं होतं, अकराव्या वर्षी इंग्लंडमधल्या कापड गिरणीत त्याचा उजवा हात गेला होता. २१ ऑक्टोबर १८७९ ला मेयोतल्या कॅसलबार गावात त्याच्या पुढाकारानं लँड लीग ही संघटना सुरू झाली. अध्यक्ष झाला चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल. तो स्वतः जमीनदार आणि प्रोटेस्टंट, पण आयरिश कॅथलिक शेतकऱ्यांचा सगळ्यात मोठा नेता. लीगच्या मागण्या तीन. खंड वाजवी असावा, खंड भरणाऱ्याला जमिनीवरून काढू नये आणि आपला कुळहक्क विकायची मोकळीक असावी.

१९ सप्टेंबर १८८० ला एनिस या गावात पार्नेलची सभा झाली. त्यानं लोकांनाच विचारलं की शेजाऱ्याला हुसकावून लावलेली जमीन जो कुणी घेईल त्याचं काय करायचं. गर्दीतून आवाज आला की गोळी घाला. पार्नेलनं त्याहून चांगला मार्ग सांगितला. त्याच्याशी रस्त्यात बोलू नका, दुकानात बोलू नका, बाजारात आणि चर्चमध्येही त्याच्याकडे बघू नका. पूर्वी महारोग्याला जसं गावाबाहेर ठेवायचे तसं त्याला एकटं पाडा. त्याच्या बोलण्यातला रोख जमीन बळकावणाऱ्यावर होता. त्याचा पहिला मोठा प्रयोग झाला मात्र एका कारभाऱ्यावर, तोही तीनच दिवसांनी.

त्या वर्षी लॉर्ड अर्न खंडात १० टक्के सूट द्यायला तयार होता. कुळं २५ टक्के मागत होती. लॉर्डनं नकार दिला आणि बॉयकॉटनं अकरा कुळांना बाहेर काढायच्या नोटिसा मिळवल्या. २२ सप्टेंबरला बेलीफ सतरा पोलिसांना घेऊन निघाला. तीन घरांत नोटिसा दिल्या गेल्या. चौथ्या घरच्या बाईनं घ्यायला साफ नकार दिला आणि बघता बघता आजूबाजूच्या बायका जमल्या. चिखल, शेण, दगड, हाताला येईल ते बेलीफ आणि पोलिसांवर यायला लागलं. सगळे पळत लॉख मास्क हाउसमध्ये शिरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न केला, तोही फसला. बहिष्काराच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावं येतात, पण पहिला दणका या बायकांनी दिला होता.

मग बॅलिनरोब या जवळच्या गावातून मोठा जमाव आला. त्यानं बॉयकॉटच्या घरात, गोठ्यात, शेतात काम करणाऱ्यांना काम सोडायला सांगितलं. एकेक करून सगळे निघून गेले.

आता इथं जरा थांबून विचार करा की अशा घराचा दिवस कसा चालायचा. पहाटे कुणीतरी चूल पेटवायचं, पाणी भरायचं. गायींचं दूध काढायचं, घोड्यांना चारा घालायचा, मेंढ्या राखायच्या. घोड्याचा नाल निसटला की लोहार. कपडे न्यायला धोबीण. ब्रेड आणि किराणा बॅलिनरोबच्या दुकानातून. पत्रं आणायला एक पोरगा. मालकाच्या हातात फक्त वही आणि चाबूक. हे सगळं एका आठवड्यात बंद पडलं. लोहारानं नाल मारायला नकार दिला, धोबिणीनं कपडे घ्यायला, दुकानदारांनी सामान द्यायला. पत्रं आणणाऱ्या पोराला दम मिळाला. त्याच्या जागी घरातला एक तरुण नातेवाईक जायला लागला, तर त्यालाही वाटेत अडवून परत पाठवलं. गरजेच्या वस्तू लांबून मागवाव्या लागायच्या. सलगम आणि बटाटे जमिनीत, धान्य शेतात, आणि कापायला एकही हात नाही. कॅप्टन आणि त्याची बायको स्वतः मेंढ्या राखताना पत्रकारांनी पाहिले, आणि त्यांच्यामागे बंदूकधारी पोलीस.

पोलीस होते, कोर्ट होतं, सगळं इंग्रज साम्राज्य पाठीशी होतं. पण ब्रेड न विकणं हा कुठल्या कलमाखाली गुन्हा होतो? लोहारानं नाल नाही मारला म्हणून त्याला फाशी देणार का? या शस्त्राची खरी धार इथं होती. कायद्याला पकडायला काही सापडतच नव्हतं.

अर्थात सगळंच काही स्वखुशीनं चाललं नव्हतं, हेही सांगायला हवं. बॉयकॉटकडे ज्यांची रोजीरोटी होती अशा गरीब गड्यांनाही काम सोडावं लागलं, आणि काम न सोडणाऱ्याची काय गत होईल याची त्यांना कल्पना होती. त्याच दिवसांत, २५ सप्टेंबरला, जवळच लॉर्ड माउंटमॉरिस या जमीनदाराचा गोळ्या घालून खून झाला. पुढे जानेवारी १८८२ मध्ये दुसऱ्या एका जमीनदाराचा बेलीफ आणि त्याचा कोवळा नातू, दोघांचे मृतदेह याच लॉख मास्क तळ्यातून काढावे लागले. बहिष्कार आणि बंदूक ही दोन्ही माणसं एकाच रस्त्यानं चालत होती. बॉयकॉटच्या बाबतीत बंदूक मागे राहिली, याचं बरंच श्रेय फादर जॉन ओ'मॅली या तिथल्या धर्मगुरूंना जातं.

ऑक्टोबरमध्ये बॉयकॉटनं लंडनच्या टाइम्सला पत्र लिहून आपली हकीकत सांगितली. इंग्लंडमध्ये खळबळ उडाली. उत्तर आयर्लंडमधल्या प्रोटेस्टंट, राजनिष्ठ ऑरेंजमेन मंडळींनी ठरवलं की कॅप्टनचं पीक आपण काढून द्यायचं. शेकडो लोक हत्यारं घेऊन यायला निघाले. सरकारची झोप उडाली, कारण कॅथलिक मेयोमध्ये अशी फौज घुसली तर यादवीच. शेवटी फक्त पन्नास जणांना परवानगी मिळाली, कॅव्हन आणि मोनाहन या परगण्यांतून निवडलेल्या. बॉयकॉटला खरं तर दहा-पंधरा मजूर पुरले असते. पण एव्हाना त्याच्या मताला कोण विचारतो?

या पन्नास जणांच्या रक्षणासाठी सुमारे हजारभर सैनिक आणि पोलीस आले. ११ नोव्हेंबरला मंडळी क्लेअरमॉरिस स्टेशनवर उतरली. तिथून एकही गाडीवाला मिळेना, म्हणून धो धो पावसात चालत बॅलिनरोब गाठलं आणि दुसऱ्या दिवशी लॉख मास्क हाउस. फादर ओ'मॅली यांनी लोकांना बजावलं होतं की रस्त्यावर फिरकायचंसुद्धा नाही. सैन्य दंगलीच्या तयारीनं आलं आणि समोर रिकामे रस्ते.

पुढचे दोन आठवडे तळ्याकाठी जे चाललं होतं त्याला विनोद म्हणावं की शोकांतिका, कळत नाही. पाऊस थांबत नव्हता. पन्नास माणसं चिखलातून सलगम उपटत होती, बटाटे काढत होती, धान्य मळत होती. चहूबाजूंनी संगिनी. तंबू ठोकलेल्या सैनिकांनी बॉयकॉटच्याच बागेची आणि कुरणाची वाट लावली. निघालेलं पीक साधारण ५०० पौंडांचं, आणि सरकारचा खर्च झाला सुमारे १०,००० पौंड. प्रत्येक सलगमाला सरकारनं एक शिलिंग मोजला, असा टोमणा पार्नेलनं मारला आणि तो देशभर झाला.

नोव्हेंबरच्या शेवटी पथक परत गेलं आणि त्यांच्याबरोबर बॉयकॉटलाही घर सोडावं लागलं. त्याच्यासाठी गाडी हाकायला कुणी तयार नव्हतं. शेवटी सैन्याच्या आजाऱ्यांच्या गाडीत बसून, सैनिक सारथी घेऊन तो बायकोसह निघाला. डब्लिनच्या हॉटेलात उतरला तर हॉटेलच्या मॅनेजरलाच धमकीचं पत्र आलं. १ डिसेंबरला त्यानं इंग्लंडची बोट धरली.

पण माणूस गेला तरी आडनाव मागे राहिलं होतं. जेम्स रेडपाथ या अमेरिकन पत्रकारानं सांगितलेली हकीकत अशी की तो एकदा फादर ओ'मॅली यांच्याकडे जेवायला बसला होता आणि एका शब्दावर अडला होता. समाजातून बाहेर टाकण्याला इंग्रजीत ऑस्ट्रसाइझ हा ग्रीक वळणाचा शब्द आहे, पण तो मेयोच्या शेतकऱ्याला काय कळणार? फादरनी थोडा विचार केला आणि सुचवलं की सरळ बॉयकॉट करणं म्हणू या. नोव्हेंबर १८८० संपायच्या आत तो शब्द लंडनच्या टाइम्समध्येही छापून आला. फ्रेंच, जर्मन, रशियन सगळ्यांनी तो जसाच्या तसा उचलला.

आपल्याकडे तो पंचवीस वर्षांनी पेटला. १९०५ मध्ये बंगालच्या फाळणीविरुद्ध विलायती मालावर बहिष्कार सुरू झाला आणि लोकमान्य टिळकांनी स्वराज्य, स्वदेशी, राष्ट्रीय शिक्षण यांच्या जोडीला बहिष्काराला चतुःसूत्रीत बसवलं. मराठीनं इंग्रजी शब्द न घेता आपला शब्द वापरला, कारण ही गोष्ट आपल्याला शिकवायची गरजच नव्हती. वाळीत टाकणं म्हणजे काय हे इथल्या गावांना शतकानुशतकं माहीत होतं. विहीर बंद, न्हावी बंद, दुकान बंद, मयताला खांदा बंद. फरक एवढाच की मेयोमध्ये ज्यांच्याकडे काहीच नव्हतं त्यांनी जमीनवाल्याच्या माणसाला वाळीत टाकलं, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा उलटं झालं. १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाक्षिक काढलं, त्याचं नावच बहिष्कृत भारत होतं. एखाद्या कुटुंबाला गावानं किंवा जातपंचायतीनं वाळीत टाकणं गुन्हा ठरवायला महाराष्ट्राला २०१६ साल उजाडलं. त्या वर्षी विधिमंडळानं मंजूर केलेल्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे. बॉयकॉटला असला कायदा मिळाला असता तर त्यानं तो नक्की वापरला असता, आणि मेयोच्या त्या बायका तुरुंगात गेल्या असत्या. म्हणून बहिष्कार चांगला की वाईट, असं विचारणाऱ्याला आधी विचारावं लागतं की कुणी कुणावर घातलेला?

आयर्लंडमध्ये मात्र गोष्टी भराभर हलल्या. १८८१ मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टननं जमीन कायदा आणला, त्यात लीगच्या तिन्ही मागण्या बऱ्याच अंशी आल्या आणि खंड ठरवायला न्यायालय आलं. १९०३ च्या कायद्यानं सरकारी कर्ज काढून कुळांनी जमिनी विकत घ्यायची वाट मोकळी झाली. मोठ्या जमीनदारीचे दिवस भरले.

बॉयकॉटचं काय झालं? १८८१ मध्ये तो अमेरिकेला जाऊन आला. प्रवासात त्यानं आडनाव गाळून चार्ल्स कनिंगहॅम एवढंच नाव लावलं, यावरून ते आडनाव किती जड झालं होतं कळतं. त्याच वर्षी तो हट्टानं लॉख मास्कला परत आला. सुरुवातीला लोकांनी हुर्यो उडवली, मग वातावरण निवळलं आणि तो आणखी चारेक वर्षं तिथं राहिला. झालेल्या नुकसानीची भरपाई त्यानं सरकारकडे मागितली, ती मिळाली नाही. १८८६ मध्ये त्यानं मेयो सोडलं आणि इंग्लंडमध्ये सफोक परगण्यातल्या फ्लिक्सटन इथल्या जहागिरीवर नोकरी धरली. काम कोणतं, तर पुन्हा कारभाऱ्याचंच. तिथं कुणाशी वाजल्याचं फारसं ऐकू येत नाही. घोड्यांच्या शर्यतींचा नाद शेवटपर्यंत सुटला नाही आणि सुट्टीला तो आयर्लंडलाच जायचा, ज्या देशानं त्याला हाकललं होतं तिथं.

१९ जून १८९७ ला, वयाच्या ६५व्या वर्षी, तो फ्लिक्सटनला वारला. त्याला पुरलं बर्ग सेंट पीटरला, वडिलांच्या चर्चच्या आवारात. त्या चर्चचा मनोरा विचित्र आहे. विटांचे चौकोनी डबे, मोठ्यावर लहान असे एकावर एक रचल्यासारखा. तो बॉयकॉट घराण्यानंच बांधला, आणि तो बघायला आजही वाट वाकडी करून लोक येतात.